पात धरायची नाय

लव्हाळ्याचा मला आता राग येत नाही. राग यायला अंगात थोडी ताकद शिल्लक असावी लागते. उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसातून सहा-सव्वासहाला सुटायचं, छावणीतून पडेगावपर्यंत स्कूटी रेटायची, फाटक उघडायचं, की पायरीवर पर्स टेकवायच्या आधीच नजर वाफ्याकडे जायची. सकाळी जिथं काळी माती दिसत होती तिथं संध्याकाळी हिरव्या सुया उभ्या. माझ्या टेबलावरच्या फायली त्या वेगानं हलल्या असत्या तर साहेबांनी मला ओवाळलं असतं. मी तशीच उभ्या उभ्या चार सुया उपटायची आणि मग चहा टाकायला आत जायची. त्या चार उपटल्यानं काही होत नाही हे मला माहीत होतं.

चूक आमचीच होती. हे रो-हाऊस घेतलं तेव्हा पुढच्या अंगणात नुसता मुरूम होता. मुरमात गुलाब कसा यायचा, म्हणून माझ्या नवऱ्यानं ओळखीच्या एका शेतातून ट्रॉलीभर काळी माती आणवली. माती काय सुंदर होती! मी मुठीत घेऊन वास घेतला आणि शेजारच्या भाभींनाही घ्यायला लावला. कंपाउंडच्या कडेनं आम्ही लांबलचक वाफा केला, त्यात गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती लावली. पंधरा दिवसांनी शेवंतीच्या आधी लव्हाळा वर आला. मातीबरोबर त्याच्या गाठीही घरी आल्या होत्या. लोक तण काढायला माणूस लावतात, आम्ही माणूस लावून तण आणलं.

ज्यांनी लव्हाळा काढलेला नाही त्यांना तो साधं गवत वाटतो. खरा लव्हाळा खाली असतो. जमिनीत हरभऱ्याएवढी काळी गाठ, तिला दोऱ्यासारखं मूळ, मुळाच्या पुढं दुसरी गाठ, मग तिसरी. वरचं पातं ओढलं की ते मानेत तुटतं आणि हातात येतं, आपल्याला वाटतं निघालं. खाली गाठ शाबूत असते. आठ दिवसांत ती परत डोकं काढते, आणि बरेचदा एकाच्या जागी दोन. पावसाळ्यात इतर तणंही येतात. गाजरगवत येतं, त्यानं हाताला खाज सुटते. केना येतो, आघाडा येतो. पण ती सगळी मुकाट्यानं मुळासकट निघतात. फुलावर यायच्या आत उपटली तर पुढच्या साली निम्मी होतात. लव्हाळ्याशी असा कुठलाच करार करता येत नाही.

उपाय करून झाले. नवरा रिटायर झाल्यापासून मोबाईलवर व्हिडिओ बघतो. एकदा त्यानं मीठ आणि व्हिनेगर पाण्यात कालवून फवारलं. लव्हाळा दोन दिवस पिवळा पडला आणि तिसऱ्या दिवशी ताजातवाना झाला. मोगरा मात्र मेला तो मेलाच. मग दुकानातून तणनाशक आणलं. फवारताना वारा सुटला, आणि गुलाबाची पानं अशी वेडीवाकडी झाली की बघवेना. शेजारच्या भाभींनी सांगितलं की पुठ्ठे अंथरा, वर वाळका पाला टाका. हा उपाय खरंच चांगला निघाला. पुठ्ठ्याखाली गाजरगवत आलंच नाही. लव्हाळा पुठ्ठा फोडून वर आला. ते बघायला भाभी स्वतः आल्या, डोक्यावरची ओढणी सावरत बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “दीदी, इसकू मारने जाव तो अपनीच कमर टूटती.”

माझी कंबर तुटायला आलीच होती. आठवड्याचा एक रविवार, त्याचे सकाळचे तीन तास वाफ्यात जायचे. उठताना गुडघ्याला हात लावून उठावं लागायचं. नवरा म्हणायचा, “पेव्हर ब्लॉक टाकू आणि मोकळे होऊ.” मी आधी त्याच्यावर खेकसायची. नंतर नंतर नुसती ऐकून घ्यायला लागले. त्या वर्षी पावसाळा संपला की ब्लॉक टाकायचे असं जवळजवळ ठरलंच होतं. आणि मग पिशोरला माय पडली.

माझी माय पिशोरला एकटी राहायची. वडील मी लहान असतानाच गेले, आणि मला भाऊ-बहीण नाही. मायनं उभा जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली. मका, कापूस, अद्रक, जे असेल ते. खुरपणीला बायका एका रांगेत बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोन-तीन ओळी येतात. त्या पट्ट्याला पात म्हणतात. ज्या बाईची पात मागं राहते तिला बाकीच्या चिडवतात, आणि जिची पुढं जाते तिच्यावर जळतात. मायची पात कायम पुढं असायची. आणि नुसती पुढं नाही. पंधरा दिवसांनी रानात चक्कर मारली तरी कुणीही सांगायचं, ही पात हिची. तिथं तण परत आलेलं नसायचं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तिच्यामागं रानात गेले. अद्रकीची खुरपणी होती. बांधावर बसून कंटाळा आला, तशी मी एक पडलेलं खुरपं उचललं आणि मायच्या शेजारच्या ओळीत उकिडवी बसले. मला वाटलं ती खूश होईल. मालकीण तिथंच होती, ती हसून म्हणाली, “बघ की, तुझी पोरगी तुझ्यासारखीच निघाली. उद्यापासून पाठवत जा तिला.” मायनं माझ्या हातातलं खुरपं हिसकावलं आणि असं भिरकावलं की ते चार पाती ओलांडून पडलं. मालकिणीसमोर. तेवढं धाडस तिनं आयुष्यात परत कधी केलं असेल असं वाटत नाही. मला म्हणाली, “पात धरायची नाय. मेले तरी धरायची नाय. घरी जा, पुस्तक धर.” मी रडत घरी आले. संध्याकाळी तिनं मला विहारात नेलं, सगळ्यांच्या पुढं बसवलं.

मी पुस्तक धरलं. मला नोकरी लागली त्या दिवशी तिनं वस्तीत साखर वाटली. म्हणून तर माझा बगीच्याचा छंद तिला कधी धड समजला नाही. एकदा फोनवर मी सांगितलं की रविवारी खुरपत होते. ती म्हणाली, “सुट्टीच्या दिवशी? काहून?”

तर ती पडली. मोरीच्या दगडावरून पाय घसरला आणि अंगणात पडून राहिली. दुपारी शेजारीण पीठ मागायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण सकाळपासून दुपारपर्यंत ती तशी ऊन खात पडली होती. आम्ही गाडी घेऊन गेलो आणि तिला घेऊन आलो. कायमची. म्हणजे माझ्या मनात कायमची. तिच्या मनात चार दिवसांची.

पहिले चार दिवस ती सोफ्याच्या काठावर बसून होती. पाठ टेकवायची नाही. पिशवी पायाशी. जेवायला वाढलं की अर्धी भाकरी खायची आणि ताट स्वतः घासायला उठायची. “लेकीच्या घरचं बसून किती दिस खावं मानसानं?” हे ती रोज एकदा म्हणायची, तेही जावयाला ऐकू जाईल असं. नवरा म्हणायचा, “आत्याबाई, घर तुमचंच आहे.” ती म्हणायची, “व्हय, व्हय,” आणि पिशवी आणखी जवळ ओढायची. मी तिला समजावून समजावून थकले. ऑफिसातून आल्यावर फाटकापाशीच धाकधूक व्हायची, की आत पिशवी असेल का नसेल. तिनं परत एकटीनं राहावं आणि परत पडावं, आणि या वेळी शेजारणीच्या घरात पीठ असावं, हे डोक्यातून जायचंच नाही.

पाचव्या दिवशी मी घरी आले तर माय अंगणात. पदर खोचलेला, हातात खुरपं. तिचं स्वतःचं खुरपं. लुगड्यांच्या घडीत गुंडाळून तिनं पिशोरहून आणलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. पातं झिजून झिजून बोटभर उरलेलं, मूठ तिच्या तळव्याच्या आकाराची झालेली. तिच्यामागं हिरव्या गवताचा मोठा ढीग पडला होता. मी जवळ गेले आणि मला कळलं की तो लव्हाळा नाही. फाटकाशी आम्ही नर्सरीतून आणून हौसेनं लॉन लावलं होतं, त्याचा एक अख्खा कोपरा तिनं खणून काढला होता.

“दाराशी हराळी ठेवती व्हय गं?” ती म्हणाली. “मी हाये म्हनून निघाली. लई आत गेली होती.”

हराळीच होती ती. नर्सरीवाल्यानं तिला इंग्रजी नाव दिलं म्हणून काय झालं? नवरा तोंडाला रुमाल लावून घरात पळाला. मीही हसले, आणि खूप दिवसांनी हसले. मग तिला लॉन म्हणजे काय ते सांगितलं. मुद्दाम हराळी लावून तिला पाणी घालणारी माणसं असतात हे तिला काही पटलं नाही. पण वाफ्याकडे बोट दाखवून तिनं विचारलं, “अन् ह्यो लव्हाळा? ह्यो बी लावलाय?”

“नाही गं माय. तो मला खायला उठलाय.”

तिनं वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं मापला. “बरं,” म्हणाली. “एवढं तुझं तन काढून देते, अन् मंग जाते.”

त्या दिवसापासून ती सोफ्यावर पाठ टेकवून बसायला लागली. पूर्ण भाकरी खायला लागली. सकाळी ऊन चढायच्या आत दोन तास वाफ्यात, संध्याकाळी एक तास. कुंपणावरून भाभींशी गप्पा. भाभी दखनीत बोलायच्या, माय पिशोरीत, आणि दोघींचं छान चालायचं. मलाही ती शिकवायची, पण लांबून, बोलून. ओल असताना काढ, कोरडं झालं की तुटतं. पात्याला ओढू नको, बाजूनं खुरपं घाल आणि गाठ खालून उचल. काढलेल्या गाठी उकिरड्यावर टाकू नको, नाहीतर उकिरड्याचा लव्हाळा होतो. उन्हात फरशीवर कडकडीत वाळव. पाणी झाडाच्या बुडाशी दे, सगळ्या वाफ्यात शिंपू नको, तण तुझं पाणी पितं. मी खुरपं घेऊन शेजारी बसायला गेले की मात्र म्हणायची, “जा, चहा ठेव.”

महिना गेला, दुसरा गेला. पाऊस ओसरला. पेव्हर ब्लॉकचा विषय कुणी काढला नाही. आणि लव्हाळा मात्र होता तसाच होता. माय एका टोकापासून सुरू करायची, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत हिरव्या सुया. मी मनात म्हणायची, वय झालं. नजर कमी झाली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पण बोलायची नाही.

मग तो दिवस आला. ऑफिसात तपासणी होती. दिवसभर उभ्यानं फायली काढून दिल्या, एका फायलीसाठी सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. घरी आले तेव्हा डोकं ठणकत होतं. वाफ्याशी थांबले, सवयीनं वाकले आणि एक सुई ओढली. ती तुटली. मी बोटानं माती उकरली आणि खालची गाठ काढली. तिच्यावर जुन्या तुटलेल्या मानेच्या खुणा होत्या. एक नाही, तीन. शेजारची उकरली, तिच्यावरही तसंच. म्हणजे माय दर वेळी वरून तोडत होती. मला जे करू नको म्हणायची तेच.

ती ओट्यावर बसली होती. मी तिला म्हणाले, “माय, तुझ्यानं आता होत नाही. वरवर तोडतेस तू नुसतं. हातात जोर राहिला नाही तुझ्या. राहू दे, मी रविवारी एखादी बाई बोलावते.”

बोलले ते बोलले. थकव्यानं माणूस काय बोलतं याला धरबंध नसतो. जिची पात पिशोरच्या रानात पंधरा दिवसांनी ओळखू यायची त्या बाईला मी सांगत होते की तुझ्या जागी दुसरी बाई बोलावते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. “बरं,” म्हणाली. मग खुरपं पाण्यानं स्वच्छ धुतलं, पुसलं आणि आत नेलं. जेवताना अर्धीच भाकरी घेतली.

सकाळी मी उठून बाहेर आले तर पिशवी पायरीवर. बांधलेली. माय वाफ्यात पाठमोरी बसलेली. कंपाउंडच्या कोपऱ्यात, जिथं लव्हाळा सगळ्यात दाट होता, तिथं चार हात जागा लख्ख काळी झाली होती. पायरीवर पिशवीशेजारी जुना पेपर पसरला होता, आणि त्यावर लव्हाळा ओळीनं मांडला होता. पातं, मान, गाठ, दोरा, दुसरी गाठ, दोरा, तिसरी. एकेका माळेत सात-सात, आठ-आठ गाठी. एकही दोरा तुटलेला नाही. इतक्या वर्षांत दोन गाठींच्या वर माझ्या हाताला कधी अख्खी माळ लागली नव्हती.

माय उठून आली. हात मातीनं भरलेले. “होत नाय म्हनलीस ना,” ती म्हणाली. “बघ.”

मी बघत होते. मला आधी लाज वाटली, आणि मग हळूहळू दुसरंच काहीतरी कळायला लागलं, तशी मी पायरीवर बसलेच. “माय,” मी म्हणाले, “हे येत होतं तर मग इतके दिवस वरून का तोडत होतीस?”

ती अंगठ्यानं खुरप्याची माती पुसत राहिली. नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात आला होता, बहुतेक तिनंच त्याला स्टँडवर सोडायला सांगितलं होतं. त्याच्याकडं एकदा बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, “रान सरलं की बाईला घरी जावं लागतं.”

दोन महिने. दोन महिने ती रोज तीन तास बसून लव्हाळ्याच्या माना मोडत होती आणि गाठी राखत होती. जन्मभर जिनं कुणाच्या रानात एक गाठ मागं ठेवली नाही, ती माझ्या वाफ्यात कामचुकारपणा करत होती, कारण मला राहायचंय हे लेकीला तोंडानं सांगणं तिच्यानं होत नव्हतं. आणि मी तिला सांगितलं, तुझ्या हातात जोर नाही. मला रडू फुटलं. मी ते आवरलंही नाही.

मग मी तो पेपर उचलला. वाफ्यात गेले, तिनं लख्ख केलेल्या त्या चार हात जागेत बसले आणि बोटानं खड्डा करून पहिली माळ आत ठेवली. वर माती ओढली. दुसरी माळ घेतली.

“आगं, येडी झाली का!” माय मागनं ओरडली. “लव्हाळा लावतं व्हय कुनी?”

मी लावत राहिले. ऑफिसला उशीर होत होता, कंबर दुखत होती, नखांत माती गेली होती. सगळ्या माळा लावून झाल्यावर म्हणाले, “आता हे काढायला दोन महिने लागतील.”

“दोन?” ती म्हणाली. “साल जाईल येडे, साल. एकाच्या दहा व्हतील.”

“जाऊ दे साल.”

 भाभी कुंपणापलीकडून बघत होत्या. नवऱ्यानं किल्ली खिशात टाकली, पायरीवरची पिशवी उचलली आणि घरात नेऊन ठेवली. बगीच्याच्या बाबतीत त्यानं केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम.

माय गुडघ्यावर हात टेकत खाली बसली. मला वाटलं आता म्हणेल, जा, चहा ठेव. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, स्वतःचं खुरपं माझ्या मुठीत दिलं आणि माझी बोटं एकेक करून त्या झिजलेल्या मुठीवर नीट बसवली.

“सरक तिकडं,” ती म्हणाली. “धर पात.”